शाळा नको म्हणणारी मुले

शाळेत जायच्या नुसत्या विचाराने काही मुलांची घालमेल सुरू होते. ती त्यापायी वारंवार घरी राहतात, किंवा वर्गात पोचली तरी दिवसभर तिथे टिकत नाहीत. या वागण्याला मानसशास्त्रात ‘शाळा-नकार’ म्हणतात. तो स्वतंत्र आजार मानला जात नाही आणि मानसिक विकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत या नावाचे निदानही नाही. शाळा-नकार हे लक्षण आहे. पाच वर्षांच्या मुलात त्याचे मूळ एक असते, पंधरा वर्षांच्या मुलीत दुसरेच. म्हणून ‘मूल शाळेत जात नाही, काय करावे?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. मूल का जात नाही याचा उलगडा झाल्यावरच उपाय ठरतो.

अशा घरातली सकाळ बहुधा ठरावीक क्रमाने जाते. रात्री दप्तर भरून ठेवलेले असते, गणवेशाला इस्त्री झालेली असते आणि ‘उद्या नक्की जाईन’ असे मुलाने स्वतःच सांगितलेले असते. सकाळी उठवले की ‘पोटात दुखतंय’ सुरू होते. दूध नको असते, पोळीचा घास घशाखाली उतरत नाही. संडासात पंधरा-वीस मिनिटे जातात. खाली व्हॅनकाकांचा हॉर्न वाजतो तसे मूल दरवाजाची कडी धरून बसते, रडते, थरथरते, एखादे वेळी उलटी करते. आई समजावते, बाबा आवाज चढवतात, शेवटी आजी म्हणते, ‘राहू दे गं आजच्या दिवस.’ व्हॅन निघून जाते. तासाभरात तेच मूल पोहे खाऊन खेळायला लागते आणि घरातले चिडतात, ‘सगळं नाटक होतं!’ पुढच्या सगळ्या चुका या समजुतीतून होतात. पोटदुखी खरी असते. ती का थांबली याचे कारणही शरीरातच असते.

दांडी वेगळी, नकार वेगळा

शाळा-नकार नेमका कशाला म्हणावे, याच्या चार खुणा इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ इयान बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडल्या. त्या आजही वापरात आहेत. शाळेत जाणे मुलाला फार जड जाते आणि त्यातून दीर्घ गैरहजेरी होते. जायची वेळ आली की भीती, चिडचिड, रडू किंवा शारीरिक तक्रारी उफाळून येतात. शाळेच्या वेळात मूल घरी असते आणि आई-वडिलांना ते ठाऊक असते. चोरी, खोटेपणा, मारामारी, भटकणे असे समाजविघातक वागणे त्याच्यात ठळकपणे नसते.

दांडी मारणाऱ्या मुलाचे चित्र याच्या उलट असते. ते गणवेश घालून वेळेवर निघते, पण पोचते मैदानावर, नाक्यावर किंवा मित्राच्या घरी. आई-वडिलांना कळते ते शाळेतून फोन आल्यावर. त्याला शाळेची भीती नसते, कंटाळा असतो. दोन्ही गोष्टी एकाच मुलात आढळू शकतात आणि तसे झाले तर प्रकरण अधिक गंभीर समजावे.

तिसरा गट आहे तो शाळेपासून तोडल्या गेलेल्या मुलांचा. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर जाणारी बीडमधली मुले, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी, गावातली शाळा सातवीला संपल्यावर पुढची वाट बंद झालेली मुले या गटात येतात. त्यांनी शाळेला नकार दिलेला नसतो, परिस्थितीने त्यांना शाळा नाकारलेली असते. त्यावरचे उपाय हंगामी वसतिगृह, एसटीची फेरी, पाळणाघर असे असतात. समुपदेशनाने तो प्रश्न सुटत नाही. मात्र सीमारेषा दर वेळी स्पष्ट नसते. ‘मला नाही शिकायचं’ म्हणणाऱ्या आठवीतल्या मुलीला रस्त्यात कोणी रोज त्रास देत असेल किंवा शाळेत दार लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर तिच्या नकाराचे कारण तिच्या मनात शोधण्यात अर्थ नाही.

समजुतीचा प्रवास

या मुलांचे वेगळेपण पहिल्यांदा नोंदवले ते अमेरिकेत आयझ्रा ब्रॉडविन यांनी, १९३२ मध्ये. शाळा बुडवणाऱ्यांतली काही मुले भटकत नाहीत, ती घरात आईजवळ असतात आणि घरी पोचली की शांत होतात, असे त्यांनी लिहिले. १९४१ मध्ये ॲडलेड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘शाळेचा भयगंड’ असे नाव दिले. आई आणि मूल या दोघांची एकमेकांबद्दलची चिंता तिच्या मुळाशी असते, असे त्यांचे म्हणणे होते. माता-बालक जवळिकीचे अभ्यासक जॉन बोल्बी यांनी १९७३ च्या ग्रंथात त्यात भर घातली. अनेक मुलांना शाळेत काय होईल याची धास्ती नसते, आपण शाळेत असताना घरी काय होईल याची असते. आजारी आई, घरातली भांडणे, ‘मी सोडून जाईन’ अशी कानावर पडलेली धमकी मुलाला उंबरठ्याशी अडवून ठेवते.

पुढे ‘भयगंड’ हा शब्द मागे पडला, कारण सगळ्याच मुलांना भीती वाटत नसते. १९९० च्या सुमारास ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन यांनी प्रश्नच बदलला. मुलाला कोणता विकार आहे, हे विचारण्याआधी घरी राहून त्याला काय मिळते किंवा काय टळते, हे विचारावे असे त्यांनी सुचवले. आजची बहुतेक उपचारपद्धती याच प्रश्नावर उभी आहे.

जपानमध्ये ही बाब राष्ट्रीय चिंतेची झाली आहे. आजारपण आणि आर्थिक अडचण ही कारणे वगळून जे मूल वर्षात ३० किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहते, त्याची तिथे वेगळी गणती होते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतील अशा मुलांची संख्या ३ लाख ४६ हजारांवर गेली. शाळेबाहेर शिकण्याच्या व्यवस्थेला मान्यता देणारा कायदाही जपानने २०१६ मध्ये केला. आपल्याकडच्या हजेरीपटात मात्र गैरहजेरीची खूण असते, तिचे कारण नसते.

प्रमाण आणि वय

शाळकरी मुलांत शाळा-नकाराचे प्रमाण साधारण १ ते ५ टक्के असते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. मुलगे आणि मुली यांत फारसा फरक नाही. बुद्धिमत्तेशीही त्याचा संबंध नाही. वर्गात पहिल्या पाचांत येणारे मूलही अडून बसते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ९ ते १६ वयाच्या १,४२२ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चिंतेपोटी शाळा टाळणारी मुले सुमारे २ टक्के होती. त्यातल्या निव्वळ चिंतेने नकार देणाऱ्या मुलांपैकी साधारण एक-चतुर्थांश मुलांना निदान करण्याजोगा मानसिक विकार होता. नकार आणि दांडी दोन्ही असलेल्या मुलांत मात्र हे प्रमाण ८८ टक्के निघाले. म्हणजे शाळेला नको म्हणणारे प्रत्येक मूल मनोरुग्ण नसते, पण मिश्र स्वरूपाची गैरहजेरी हलक्यात घेण्यासारखी नाही.

नकार कोणत्याही वयात सुरू होतो, तरी वळणांवर तो अधिक दिसतो. पाच-सहा वर्षांचे वय हे पहिले वळण, कारण बालवाडीतून पहिलीत जाताना तासांची, बाकांची आणि वहीची शिस्त एकदम येते. दुसरे वळण दहा-अकराचे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या चौथीच्या शाळेतून मूल पाचवीला मोठ्या हायस्कुलात जाते. एका बाईंच्या जागी सात-आठ शिक्षक येतात, ओळखीचे मित्र वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरतात. तिसरे वळण नववी-दहावीचे. वर्षातल्या वेळाही ठरलेल्या असतात: जूनमध्ये शाळा उघडताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर, दीर्घ आजारपणानंतर आणि दर सोमवारी. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या. मोठ्या शहरांतील पहिलीची मुले प्रत्यक्ष वर्गात बसली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा काही काळ बंद झाले. ज्या मुलांची बालवाडीच पडद्यावर झाली, त्यांना घर सोडून चार तास बाहेर बसण्याचा सरावच झाला नव्हता.

शरीरात काय घडते

धोका जाणवला की मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज करतो. अॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास जलद होतो, हातपाय गार पडतात. रक्तपुरवठा पोटाकडून स्नायूंकडे वळतो आणि आतड्यांची हालचाल बिघडते. म्हणून मळमळ होते, कळ येते, संडासला लागते. धोका वाघाचा आहे की गणिताच्या तासाचा, हा भेद शरीराची ही यंत्रणा करत नाही. व्हॅन निघून गेली की धोका संपतो आणि अर्ध्या-पाऊण तासात शरीर पूर्ववत होते. नऊ वाजता पोहे खाणारे मूल साडेसातला खोटे बोलत नव्हते, ते यामुळे.

नकार टिकून राहतो तो याच सुटकेमुळे. घरी राहिले की भीती लगेच उतरते आणि मेंदू शिकतो, ‘वाचलो ते न गेल्यामुळे.’ दुसऱ्या दिवशी भीती आदल्या दिवसापेक्षा मोठी होऊन येते. त्यात व्यवहारातल्या अडचणींची भर पडते. वह्या अपूर्ण राहतात, दोन धडे पुढे गेलेले असतात, बाकावरचा जोडीदार दुसऱ्याशेजारी बसू लागतो. ‘इतके दिवस कुठे होतास?’ या प्रश्नाची धास्ती मूळ कारणापेक्षा मोठी होऊन बसते. तीन दिवसांची गैरहजेरी मोडणे सोपे असते, तीन आठवड्यांची अवघड, तीन महिन्यांची फारच अवघड. उपचारात वेळेला एवढे महत्त्व आहे ते म्हणूनच.

चार हेतू

कर्नी आणि सिल्व्हरमन यांच्या मांडणीनुसार नकारामागे चार प्रकारचे हेतू असतात. ते मुलाने ठरवून धरलेले नसतात, त्याच्या वागण्यातून ते साधले जातात.

पहिला हेतू, शाळेतल्या नकोशा अनुभवापासून दूर राहणे. लहान मुलांना नेमके काय नको हे बऱ्याचदा सांगता येत नाही. कधी ते कोंदट, ओले स्वच्छतागृह असते, कधी व्हॅनमधली दाटी, कधी साठ मुलांच्या वर्गाचा गोंगाट. घरी मराठी बोलणाऱ्या आणि इंग्रजी शाळेत घातलेल्या चार वर्षांच्या मुलाला ‘शूला जायचंय’ हे इंग्रजीत विचारावे लागते. ते जमत नाही, चड्डी ओली होते आणि दुसऱ्या दिवशी शाळा नको होते. मेळघाटात घरी कोरकू आणि शाळेत मराठी ऐकणाऱ्या मुलाची कोंडी याच जातीची आहे.

दुसरा हेतू, चारचौघांसमोरची परीक्षा टाळणे. उभे राहून वाचन, फळ्यावर गणित, तोंडी परीक्षा, परिपाठात बोलणे, गटात कोणी न घेणे, पीटीच्या तासाला शरीरावरून हसणे, जातीवरून मारलेले टोमणे यांपासून मूल पळू पाहते. किशोरवयात हा हेतू अधिक दिसतो. घटक चाचणीच्या आठवड्यात दुखणी वाढतात ती यातूनच.

तिसरा हेतू, जवळच्या माणसाचा सहवास मिळवणे. धाकटे भावंड झाले, वडील बदलीच्या गावी गेले, आजोबा वारले, आईचे ऑपरेशन झाले की मूल चिकटते. त्याला शाळेचे वावडे नसते. आई वर्गाबाहेर बसणार असेल तर ते आनंदाने वर्गात बसते.

चौथा हेतू, घरातल्या सुखाचा. मोबाइल, टीव्ही, उशिरापर्यंत झोप, दुपारचे गरम जेवण. मोठ्या मुलांत हा हेतू एकटा असू शकतो, पण बहुतेकदा तो नंतर येऊन चिकटतो. सुरुवात भीतीने होते, घरी मोबाइल मिळतो, आणि भीती ओसरल्यावरही मोबाइल सुटत नाही. त्यामुळे एकाच मुलाला दोन-तीन हेतूंची उत्तरे द्यावी लागतात.

मुळाशी काय असू शकते

या हेतूंच्या तळाशी कधी निश्चित विकार असतो. लहान मुलांत विलगतेची चिंता, किशोरांत सामाजिक चिंता आणि नैराश्य हे नेहमीचे. स्वमग्न मुलाला घंटेचा आवाज, परिपाठाची गर्दी आणि वेळापत्रकातला अचानक बदल असह्य होतो. अध्ययन अक्षमता असलेले मूल तोंडी उत्तरे फडाफड देते, पण लिहायला बसले की अडते. तिसरी-चौथीत लिखाण वाढले की ‘हुशार आहे पण आळशी आहे’ हा शिक्का बसतो. रोज सहा तास तो शिक्का वागवण्यापेक्षा पोटदुखी परवडते.

आणि कधी मुलाची भीती अगदी रास्त असते. दादागिरी, छड्या, अपमान, लैंगिक त्रास यांपासून दूर राहणे हा विकार नव्हे, शहाणपण आहे. अशा ठिकाणी मुलाला ‘धीट हो’ म्हणून परत पाठवणे क्रूरपणाचे आहे. आधी शाळा सुरक्षित व्हायला हवी, मग मूल परत जाईल. आश्रमशाळेतून पळून घरी आलेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी परत पोचवण्यापूर्वी त्याला तिथे काय सोसावे लागते, हे कोणीतरी शांतपणे विचारायला हवे.

तपासणी

पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाची. नजर, कान, रक्तक्षय, जंत, बद्धकोष्ठता, थायरॉइड यांची एकदा नीट तपासणी व्हावी. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, घटणारे वजन, ताप, शौचातून रक्त, सुट्टीतही चालू राहणाऱ्या उलट्या यांपैकी काही असेल तर शारीरिक आजाराचा शोध घ्यावाच लागतो. दुखणे फक्त शाळेच्या दिवशी, फक्त सकाळी येत असेल आणि तपासण्या निर्दोष असतील, तर तिथे थांबावे. डॉक्टरमागून डॉक्टर आणि सोनोग्राफीमागून सोनोग्राफी केली, की आपल्याला मोठा आजार आहे ही मुलाची खात्री पटत जाते. दृष्ट काढल्याने आजीचे समाधान होत असेल तर हरकत नाही, पण अंगारे-धुपाऱ्यांत महिना घालवू नये.

दुसरी पायरी नोंदीची. दोन आठवडे एका वहीत वार, उठण्याची वेळ, तक्रार, त्या दिवशीचे तास, कोण सोडायला गेले आणि घरी राहिल्यावर दिवस कसा गेला, एवढे लिहिले तरी चित्र उमटते. तक्रारी मंगळवारी आणि गुरुवारी येतात आणि त्याच दिवशी चित्रकलेचे नवे सर असतात, हे वहीतून कळते. तोंडी आठवणीतून ते निसटते.

तिसरी पायरी संवादाची. ‘का जात नाहीस?’ या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसते, किंवा ते उत्तर सांगायची लाज असते. ‘मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस?’, ‘शाळेतली कुठली जागा आवडत नाही?’, ‘कुठला तास लवकर संपावासा वाटतो?’ अशा लहान प्रश्नांना उत्तरे मिळतात. शाळेचा नकाशा काढायला सांगून भीतीच्या जागा लाल आणि आवडीच्या हिरव्या रंगवायला दिल्या, तर लहान मुले बरेच काही बोलून जातात.

परतीची पायरी

मूल थोडेच दिवस घरी असेल, वय लहान असेल आणि शाळेत खरा धोका नसेल, तर त्याला लगेच, प्रेमाने पण ठामपणे परत नेणे सर्वांत बरे. १९६५ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वॉलेस केनेडी यांनी अचानक आणि पहिल्यांदाच नकार दिलेल्या ५० मुलांवर असा जलद उपाय केला आणि ती सगळी शाळेत परतल्याचे नोंदवले. दीर्घकाळ घरी असलेल्या किंवा किशोरवयीन मुलांना मात्र हा मार्ग मानवत नाही. त्यांना पायरीपायरीने न्यावे लागते.

त्याची सुरुवात फोनने होते. आईने वर्गशिक्षिकेला सांगावे, ‘बाई, तो आजारी नाही आणि हट्टही करत नाही. वर्गात यायची त्याला भीती बसलीय. सोमवारपासून रोज थोडा वेळ आणते. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला काही विचारू नका, एवढं सांभाळाल का?’ आणि बाईंनी म्हणावे, ‘आणा ताई. मी गेटवर येते घ्यायला. मागच्या वह्यांचं नंतर बघू.’ एवढ्या संभाषणाने अर्धी धास्ती उतरते, मुलाची आणि आईचीही.

डेंग्यूनंतर महिनाभर घरी राहिलेल्या आणि मग अडलेल्या सहावीतल्या मुलाचा आराखडा असा असू शकतो. पहिले दोन दिवस शाळेच्या वेळेला उठणे, आंघोळ, गणवेश, न्याहारी, दप्तर आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या आवारात एक चक्कर. पुढचे दोन दिवस शाळा चालू असताना ग्रंथालयात एक तास. शनिवारची सकाळची शाळा लहान असते, तेव्हा वर्गात पहिले दोन तास. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीपर्यंत, एका ठरलेल्या मित्राच्या शेजारी. तिसऱ्या आठवड्यात नावडते तास धरून पूर्ण दिवस. भीती शून्य झाल्यावर पुढची पायरी घ्यायची नसते, ती निम्म्यावर आली की घ्यायची. परत निघायचे ते ठरलेल्या वेळेला, रडू आले म्हणून नव्हे. रडताना घरी आणले तर रडण्याने सुटका होते हाच धडा पक्का होतो. एखादी पायरी जमली नाही तर आधीच्या पायरीवर एक दिवस थांबावे, पण घरी परत येऊ नये.

सोडायला जाणारे माणूस स्वतः शांत राहणारे असावे. आईचे डोळे भरून येत असतील तर बाबा, मामा किंवा आत्या यांनी जावे. निरोप छोटा असावा: ‘साडेबाराला मी गेटवर आहे.’ आणि साडेबाराला तिथे असावेच. मुलाची नजर चुकवून पळ काढणे सोपे वाटते, पण त्याने मूल दुसऱ्या दिवशी दुप्पट घट्ट धरते.

ज्या दिवशी मूल घरीच राहते, त्या दिवशी शाळेच्या वेळात घर शाळेसारखेच चालावे. मोबाइल आणि टीव्ही बंद, अंथरुणात लोळणे नाही, पुस्तक-वही समोर, डबा डब्याच्या वेळी. यात शिक्षा नको आणि रागही नको, फक्त घरी राहण्यात गोडी राहू नये. शाळा सुटायच्या वेळेनंतर मात्र मित्रांशी खेळू द्यावे, कारण तेच मित्र त्याला वर्गात परत नेणार असतात.

शाळेची जबाबदारी घराइतकीच मोठी आहे. आवारात एक विश्वासाचे माणूस, घाबरल्यावर पाच मिनिटे बसायला एक जागा, बुडालेल्या लिखाणात सवलत आणि परतलेल्या मुलाचे गाजावाजा न करता स्वागत, एवढे कोणत्याही शाळेला खर्चाविना जमते. ‘आले का महाराज!’ असे वर्गासमोर म्हटलेले एक वाक्य तीन आठवड्यांचे काम घालवते.

उपचार आणि त्यांचे पुरावे

हेतूप्रमाणे उपाय बदलतो. पहिल्या हेतूसाठी श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे सराव आणि भीतीला थोडे थोडे सामोरे जाणे. दुसऱ्यासाठी बोलण्याचा, मैत्री करण्याचा, चिडवणाऱ्याला उत्तर देण्याचा सराव, तसेच ‘सगळे मला हसतील’ या विचाराची तपासणी. तिसऱ्यासाठी सकाळच्या विनवण्या थांबवून संध्याकाळी मुलाला हक्काचा वेळ. चौथ्यासाठी मुलाशी लेखी करार: इतके तास शाळा, मग इतका वेळ मोबाइल. या सगळ्याला बोधात्मक वर्तन उपचार असे एकत्रित नाव आहे.

त्याचा उपयोग होतो, पण त्याचा बडेजाव करू नये. १९९८ च्या एका तुलनेत या उपचारांनी आणि साध्या माहिती-आधाराच्या बैठकांनी मुलांची हजेरी जवळपास सारखीच सुधारली. आपल्या बाजूने कोणीतरी नियमित उभे आहे, याचाही त्यात वाटा असावा. २०१५ च्या एका व्यापक आढाव्यात उपचारांनी हजेरी वाढते असे दिसले, मात्र चिंता लगेच कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. मूल आधी शाळेत जाऊ लागते, भीती त्यानंतर सावकाश ओसरते. ‘भीती गेली की पाठवू’ म्हणणाऱ्या पालकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. तीव्र नैराश्य किंवा चिंता असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, पण ते वरील उपायांच्या जोडीला. दुकानातून झोपेची किंवा ‘टेन्शनची’ गोळी आणून देणे धोक्याचे आहे.

मारणे, कोंडणे, ओढत नेणे, भावंडाशी तुलना, रोज नवे आमिष, तडकाफडकी शाळा बदलणे हे घराघरांत होणारे उपाय बहुतेकदा उलटतात. शाळा बदलणे योग्य ठरते ते खरा धोका असेल आणि जुनी शाळा तो दूर करत नसेल तेव्हाच. नाहीतर नव्या शाळेत जुनी भीती सहा महिन्यांत पोचते.

कायदा आणि मदत

बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. लैंगिक त्रासाचा संशय असल्यास २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि त्याची खबर देणे बंधनकारक असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांत त्यासाठीची तपासणी होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. शिक्षकांनी अशा मुलाचे नाव त्यांना द्यावे. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. मूल संकटात असेल तर १०९८ हा बाल हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे, खाणे-झोपणे सुटणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेव्हा शाळेचा प्रश्न दुय्यम असतो.

सर्व प्रयत्नांनंतरही काही किशोरवयीन मुले नेहमीच्या वर्गात परतत नाहीत. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट असते, त्यामुळे नववी-दहावीत घबराट वाढते. अशा वेळी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. हे मार्ग कमीपणाचे नाहीत. पण घरात कोंडून बसण्याला ते परवाना ठरू नयेत. अभ्यास घरी झाला तरी क्लास, मैदान, वाचनालय, नाटकाची तालीम असे रोज कुठेतरी माणसांत जाणे ठेवलेच पाहिजे.

उलटा फेरा

बरे झालेले मूल पुन्हा अडू शकते आणि ते बहुधा सुट्टीनंतर घडते. म्हणून दिवाळीची सुट्टी संपण्याआधीचे चार दिवस महत्त्वाचे. झोपेची वेळ शाळेच्या वेळेवर आणावी. सुट्टीतला अभ्यास राहिला असेल तर शेवटच्या रात्री रडारड करण्याऐवजी आधीच थोडा-थोडा संपवावा, आणि उरला तर तसे बाईंना मोकळेपणाने सांगावे. वर्गातला एक मित्र घरी बोलवावा. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शाळेपर्यंत एक फेरी मारावी. आणि पहिल्या सोमवारी पोटात दुखू लागलेच, तर ‘दुखतंय हे खरं आहे, शाळेत गेल्यावर कमी होईल’ एवढे सांगून ठरलेल्या वेळेला घराबाहेर पडावे. शाळांनीही सुट्टीनंतर सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी एक फोन करावा. तो फोन तिसऱ्या दिवशी झाला तर पुढचे तीन महिने वाचतात.